जुन्या मोटारीचें शक्तिवर्धन

मोटार जुनी झाली म्हणजे ती विकून टाकावी, मोडींत काढावी किंवा शोभेची वस्तु म्हणून झांकून ठेवावी, अशा तीन वाटा सामान्यतः सांगितल्या जातात. अमेरिकेंत चौथी वाट धरणारे लोकहि पुष्कळ आहेत. पन्नास-साठ वर्षांची मोटार रोजच्या कामाला जुंपलेली ठेवावयाची, आणि एवढ्यावर न थांबतां ती मूळच्यापेक्षां अधिक जोमदार करावयाची, असा त्यांचा संकल्प असतो. ह्या संकल्पांत हौस आहे, कारागिरी आहे आणि धोकाहि आहे. धोका टाळून हौस पुरी करावयाची असेल तर सुधारणांचा क्रम कसा असावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

ज्या गाड्यांविषयीं हें विवेचन आहे त्यांना तिकडे 'मसल कार' म्हणतात. 'मसल' म्हणजे स्नायु. मध्यम आकाराच्या, साध्या कुटुंबाला परवडणाऱ्या गाडींत मोठ्या गाडीचें इंजिन बसवावयाचें, ही त्यांच्यामागची मूळ कल्पना. ह्या जातीची पहिली प्रसिद्ध गाडी म्हणून बहुतेक जाणकार १९६४ सालच्या पॉन्टियाक जी. टी. ओ. कडे बोट दाखवितात. तिच्या जन्माची कथा मोठी गमतीची आहे. मध्यम आकाराच्या गाडींत ३३० घन इंचांहून मोठें इंजिन घालूं नये, असा जनरल मोटर्स कंपनीचा नियम होता. पॉन्टियाक विभागांतील जॉन डिलोरियन, बिल कॉलिन्स आणि रसेल जी ह्या अभियंत्यांनीं त्यांतून पळवाट काढली. ३८९ घन इंचांचें इंजिन त्यांनीं स्वतंत्र गाडीचें म्हणून दिलें नाहीं. टेंपेस्ट गाडीवर गिऱ्हाइकानें मागितल्यास मिळणारी जादा जोड म्हणून तें दिलें. पहिल्याच वर्षीं अशा ३२,४५० गाड्या खपल्या, आणि १९६६ सालीं हा आंकडा ९६,९४६ वर गेला.

हीच १९६६ ची जी. टी. ओ. उदाहरणादाखल घेतली म्हणजे विषय समजण्यास सोपा जाईल. समजा, मिशिगन संस्थानांतील एका गृहस्थाजवळ अशी गाडी आहे. आठ सिलिंडरांचें इंजिन, चार तोंडांचा कार्बुरेटर, कारखान्याच्या मोजणीनें ३३५ अश्वशक्ति, दोनच वेगांची आपोआप बदलणारी गिअरपेटी आणि चारी चाकांना ड्रमचे ब्रेक, अशी तिची रचना आहे. हा गृहस्थ रोज पंचवीस मैलांवरील कामावर तिच्यांतून जातो, वाटेंत मुलीला शाळेंत सोडतो आणि संध्याकाळीं बाजारहाट करून घरीं परततो. गाडीचा जोर आणखी वाढवावा असें त्याच्या मनांत येतें. तो सुट्या भागांचीं सूचिपत्रें चाळूं लागतो, आणि त्याची नजर प्रथम जाते ती इंजिनाच्या सामानावर. नवा कॅमशाफ्ट, मोठा कार्बुरेटर, धूर झपाट्यानें बाहेर काढणाऱ्या नळ्या, ह्या वस्तूंच्या वर्णनांत मोठमोठे आंकडे असतात आणि त्यांची भुरळ लवकर पडते. गुडघ्याला बाशिंग बांधणाऱ्या उतावळ्या नवऱ्यासारखी ही स्थिति आहे. इंजिन हें ह्या कामाचें पहिलें पान नव्हे. तें बरेंच पुढचें पान आहे.

असें कां, हें 'रोजच्या वापराची' ह्या दोन शब्दांत सांठविलेलें आहे. शर्यतीच्या गाडीला पाव मैलाच्या सरळ पट्टीवर कांहीं क्षण जोर दाखविला कीं तिचें काम संपतें. रोजच्या गाडीला जानेवारीच्या गारठ्यांत पहांटे पहिल्या हांकेला ओ द्यावी लागते, जुलैच्या उन्हांत वाहनांच्या रांगेंत तापल्यावांचून उभें राहावें लागतें, पावसांत अचानक थांबावें लागतें, आणि सोमवारीं सकाळीं तर ती दाराशीं तयार असावीच लागते. म्हणून प्रत्येक सुधारणेला एकच प्रश्न विचारावा: हिच्यामुळें गाडी रोजच्या कामाला अधिक लायक होईल कीं कमी? ज्या सुधारणेचें उत्तर 'कमी' असें येईल, ती कितीहि मोहक असली तरी रोजच्या गाडीसाठीं नव्हे.

३३५ ह्या आंकड्याविषयींहि आधींच एक गोष्ट सांगितली पाहिजे. तो आंकडा इंजिन चाचणीच्या ओट्यावर ठेवून, त्याच्यावर लादलेलीं पुष्कळशीं ओझीं काढून, अगदीं अनुकूल परिस्थितींत मोजलेला असे. गाडींत बसविलेल्या स्थितींतील निव्वळ शक्ति सांगण्याची पद्धति अमेरिकेंत १९७२ च्या नमुन्यांपासून रूढ झाली. त्यामुळें १९६६ च्या आंकड्याची अलीकडच्या गाडीच्या आंकड्याशीं सरळ तुलना करणें म्हणजे शेर आणि किलो एकाच रकान्यांत मांडून बेरीज करणें होय.

आतां कामाचा क्रम. पहिलें काम कसलाहि नवा भाग विकत घेणें हें नसून गाडीची कसून तपासणी करणें हें आहे. मिशिगनमध्यें हिवाळ्यांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ टाकतात. ह्या गाडीला पोलादी सांगाडा निराळा असतो आणि वरचा पत्र्याचा सांठा त्यावर बसविलेला असतो. सांगाड्याच्या पोकळ भागांत मिठाचा चिखल सांचून तो आंतून गंजतो, आणि बाहेरून रंग मात्र झकास दिसतो. मागील चाकांच्या जवळचा सांगाडा, ब्रेकच्या तेलाच्या पोलादी नळ्या आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या ह्या तीन ठिकाणीं गाडी उचलून, दिवा धरून पाहिलेंच पाहिजे. आजच्या अमेरिकन पेट्रोलमध्यें बहुधा दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. जुन्या जातीचें रबर त्यानें मऊ पडतें किंवा भेगाळतें, आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकूं लागलें तर गाडीच काय, माणसेंहि जळून जातील. नव्या जातीच्या रबरी नळ्यांची किंमत सर्व योजनेंत अगदीं किरकोळ असते, परंतु क्रमांत तिचें स्थान पहिलें आहे.

तपासणीनंतर येतात ब्रेक. ह्या भागावर थोडें अधिक थांबणें अवश्य आहे, कारण येथें प्रश्न हौसेचा नसून प्राणाचा आहे. १९६६ च्या ह्या गाडींत ब्रेकचें पेडल दाबलें म्हणजे एकाच मास्टर सिलिंडरांतून तेलाचा दाब एकाच मार्गानें चारी चाकांकडे जातो. ह्याचा अर्थ असा कीं, एका चाकाजवळची एक जुनी नळी फुटली तर चारी चाकांचा ब्रेक एकदम नाहींसा होतो. पेडल तळाशीं जाऊन टेकतें आणि गाडी तशीच पुढें धांवत राहते. हा दोष अमेरिकन कारखान्यांनीं १९६७ च्या नमुन्यांत दूर केला. पुढच्या चाकांचा मार्ग निराळा आणि मागच्यांचा निराळा असे दोन भाग मास्टर सिलिंडरांत करण्यांत आले. एक मार्ग फुटला तरी दुसरा गाडी थांबवूं शकतो. म्हणून १९६६ वा त्यापूर्वींची गाडी रोज चालविणाऱ्यानें दोन मार्गांचा मास्टर सिलिंडर आणि त्याला जुळणाऱ्या नव्या नळ्या बसविणें ही सर्वांत पहिली सुधारणा समजली पाहिजे. तिच्यानें गाडी तसूभरहि अधिक वेगानें धांवणार नाहीं. पण तिच्याशिवाय पुढची कोणतीहि सुधारणा करणें म्हणजे मस्तवाल बैलाला कुजका कासरा बांधण्यासारखें आहे.

दुसरी गोष्ट उष्णतेची. धांवत्या गाडींत सांठलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग ताशीं ३० मैलांवरून ६० मैलांवर गेला म्हणजे दुप्पट झाला, परंतु थांबवावयाची ऊर्जा चौपट झाली. ६० वरून ८० वर गेल्यास ती सुमारें पावणेदोन पट होते. ही सगळी ऊर्जा ब्रेकच्या घर्षणानें उष्णतेंत बदलावी लागते. जी. टी. ओ. चे ड्रम साडेनऊ इंच व्यासाचे. ते तापले म्हणजे फुगतात आणि आंतील ब्रेकशूपासून दूर सरकतात. लायनिंगचें घर्षणहि त्याच वेळीं उतरतें. लागोपाठ दोन-तीनदां जोरानें ब्रेक लावले कीं पेडल खालीं जाऊं लागतें आणि गाडी ऐकेनाशी होते. डिस्क-ब्रेकमध्यें तबकडी उघड्या वाऱ्यांत फिरते, लवकर निवते, आणि तापून जाड झाली तरी ती घर्षणाच्या पट्ट्यांकडेच सरकते. पावसांत भिजल्यावरहि ती एकदोन फेऱ्यांत कोरडी होते. पॉन्टियाकनें स्वतःच १९६७ सालीं जी. टी. ओ. वर पुढचे डिस्क-ब्रेक जादा जोड म्हणून देऊं केले, त्यामुळें त्या धर्तीचें सामान ह्या गाडीला बसण्यास अडचण पडत नाहीं.

मात्र डिस्क-ब्रेक बसविणें म्हणजे नुसत्या तबकड्या आणून लावणें नव्हे. डिस्कला ड्रमपेक्षां अधिक दाब लागतो, म्हणून मास्टर सिलिंडराचा व्यास आणि दाब वाढविणारा बूस्टर हीं दोन्ही तिला जुळतीं असावीं लागतात. ब्रेक जोरानें दाबला असतां गाडीचा भार पुढें झुकतो आणि मागचीं चाकें हलकीं होतात. तीं आधीं जाम झालीं तर गाडी लट्टूसारखी गरकन फिरते. तें टाळण्यासाठीं मागच्या चाकांचा दाब मर्यादेंत ठेवणारी झडप लागते. मूळच्या १४ इंची चाकांत नव्या ब्रेकचा सांगाडा मावतो कीं नाहीं, हेंहि विकत घेण्यापूर्वीं मोजून पाहावें.

ब्रेकच्या शेजारींच माणसाच्या रक्षणाचा विचार येतो. १९६६ च्या गाडींत कमरेचे पट्टे असत, खांद्यावरून येणारे नसत. पुढील बाजूच्या बैठकींना खांद्याचा पट्टा देण्याची सक्ति १ जानेवारी १९६८ पासून आली. चालकाच्या छातीसमोरचा स्टिअरिंगचा दांडाहि १९६६ पर्यंत ताठ असे. आघात होतांच दबून आंत जाणारा दांडा जनरल मोटर्सनें १९६७ च्या नमुन्यांपासून घातला. म्हणजे ह्या गृहस्थाच्या गाडींत समोरून धडक बसली तर त्याची छाती आणि पोलादी दांडा ह्यांच्यामध्यें कमरेच्या पट्ट्याखेरीज कांहीं नाहीं. खांद्याचे पट्टे, त्यांना सांठ्याच्या भक्कम भागांत नीट आधार देऊन, बसवितां येतात. शाळेंत जाणारी मुलगी ज्या गाडींत बसते त्या गाडीच्या जमाखर्चांत हा खर्च कॅमशाफ्टच्या आधीं लिहिला गेला पाहिजे.

गाडी थांबूं लागली, आतां ती रस्त्याला धरून चालावी. गाडीचा आणि रस्त्याचा संबंध चार टायरांच्या तळहाताएवढ्या जागेपुरताच असतो. ती गाडी निर्माण झाली तेव्हां टायरांतील धाग्यांचे थर तिरपे असत. पुढें रेडियल टायर सर्वत्र आले. त्यांची पकड उत्तम असते, पण पुढच्या चाकांचे कोन मात्र त्यांना साजतील असे नव्यानें बसवून घ्यावे लागतात. जुन्या पुस्तकांतील माप तसेंच ठेवलें तर गाडी सरळ रस्त्यावर भटकल्यासारखी चालते. टायरचें वयहि पाहावें. २००० सालापासून टायरच्या कडेवरील खुणेंतील शेवटले चार आंकडे तो कोणत्या आठवड्यांत व कोणत्या सालीं तयार झाला हें सांगतात. पुष्कळ जुन्या गाड्यांवर नक्षी शाबूत पण रबर वाळलेलें असे टायर आढळतात. असे टायर वेगांत केव्हां दगा देतील ह्याचा नेम नाहीं.

निलंबनांतील रबरी बुशें पन्नास वर्षांत दगडासारखीं झालेलीं असतात. तीं बदलणें, चांगले शॉक ॲब्सॉर्बर बसविणें आणि मागच्या बाजूस वळणावर कलंडणें आवरणारी दांडी घालणें, एवढ्यानेंच गाडीचें वळण ओळखूं येणार नाहीं इतकें सुधारतें. मागची दांडी पॉन्टियाकनेंहि जी. टी. ओ. ला १९७० सालीं दिली. म्हणजे ही सुधारणा कारखान्यालाहि मान्य झालेली आहे. स्प्रिंगा मात्र फार ताठ करूं नयेत. शर्यतीची पट्टी गुळगुळीत असते, मिशिगनचे रस्ते हिवाळ्यानंतर तसे राहत नाहींत.

तिसरें प्रकरण उष्णता निवविण्याचें. अधिक शक्ति म्हणजे अधिक पेट्रोल जाळणें, आणि जळलेल्या पेट्रोलच्या उष्णतेचा मोठा वांटा पाण्याच्या वाटेनें रेडिएटरकडे येतो. रेडिएटर आंतून गाळानें भरला असेल तर कितीहि महाग इंजिन त्याच्यामागें ठेवलें तरी तें रांगेंत उकळणार. पंख्याभोंवतालचें पत्र्याचें वेष्टण पुष्कळ वेळां कोणी तरी काढून टाकलेलें असतें. तें परत बसविल्यानें पंख्याचा वारा रेडिएटरमधून खेंचला जातो, आणि कित्येकदां नव्या रेडिएटरची गरजच उरत नाहीं.

ह्या सर्वांनंतर इंजिनाकडे वळावें, आणि तेंहि मोजमाप घेऊन. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा, तेलाचा दाब पाहावा, झडपा नीट बसतात कीं नाहीं हें तपासावें. त्या काळच्या कित्येक पॉन्टियाक इंजिनांत कॅमशाफ्टच्या चक्राला नायलॉनचे दांते असत. आवाज कमी व्हावा हा हेतु. काळानें हे दांते तडकतात, त्यांचे तुकडे खालीं तेलाच्या तळांत पडतात आणि तेलाच्या पंपाची जाळी तुंबते. नवी सांखळी आणि पोलादी चक्रें बसविणें ही शक्तिवर्धनाची गोष्ट नसून इंजिनाच्या आयुष्याची आहे, आणि म्हणूनच ती आधीं करावयाची.

पेट्रोलचा प्रश्न ह्या इंजिनाच्या बाबतींत सर्वांत नाजूक आहे. १९६६ च्या ३३५ अश्वशक्तीच्या इंजिनाचें दाब-प्रमाण १०.७५ आहे, म्हणजे सिलिंडरांत घेतलेलें मिश्रण दाबून सुमारें पावणेअकराव्या हिश्शाएवढें केलें जातें. त्या काळच्या उंची पेट्रोलमध्यें शिशाचें संयुग असे आणि त्याचा ऑक्टेन अंक संशोधन पद्धतीनें १०० च्या आसपास असे. आज अमेरिकेंतील पंपांवर ९१ ते ९३ असा जो अंक दिसतो तो दोन पद्धतींची सरासरी असतो. त्यामुळें दिसतो तेवढा फरक प्रत्यक्षांत नाहीं. तरी फरक आहेच, आणि तो ह्या इंजिनाला जाणवतो. मिश्रण ठिणगीनें रीतसर पेटण्याऐवजीं आपोआप फुटूं लागतें, चढावर खडखड असा आवाज येतो, आणि त्या आघातांनीं पिस्टन फुटतात. पुष्कळ मालक ठिणगी उशिरां पडेल अशी योजना करून वेळ मारून नेतात. पण त्यामुळें शक्ति घटते आणि इंजिन अधिक तापतें. इंजिन उघडण्याची वेळ आलीच तर खोलगट पिस्टन घालून दाब-प्रमाण साडेनऊच्या आसपास आणणें हाच खरा उपाय. कागदावर हें शक्ति कमी करण्यासारखें दिसेल; पण जी शक्ति खडखडीच्या भीतीनें कधीं वापरतांच येत नाहीं, ती असून नसून सारखीच.

शिशाचें आणखी एक काम होतें. झडपांच्या बैठकींना तें झिजण्यापासून वांचवीत असे. रस्त्यावरील वाहनांना शिसेमिश्रित पेट्रोल विकण्यास अमेरिकेंत १ जानेवारी १९९६ पासून पूर्ण बंदी झाली. सावकाश चालविल्या जाणाऱ्या गाडीला त्याचा त्रास थोडा; पण रोज लांबचा वेगवान प्रवास करणाऱ्या गाडीच्या सिलिंडर-मस्तकांत, तीं उतरविलीं असतांना, कठीण पोलादाच्या बैठकी बसवून घ्याव्या.

आतां त्या मोहक कॅमशाफ्टकडे पाहूं गेलें तर असें दिसतें कीं, झडपा अधिक वेळ उघड्या ठेवणारा कॅमशाफ्ट शक्ति देतो ती वरच्या फेऱ्यांत. रोजच्या चालींत इंजिन खालच्या फेऱ्यांत असतें, आणि तेथें असा कॅमशाफ्ट इंजिनाला उलट अशक्त आणि अडखळतें करतो. शिवाय इंजिनांतील निर्वात कमी होतो आणि ब्रेकचा बूस्टर तर त्याच निर्वातावर चालतो. म्हणजे जोर वाढविण्याच्या नादांत ब्रेकची ताकद घटावयाची. ह्या इंजिनाचे कनेक्टिंग रॉडहि घडीव नसून ओतीव आहेत. फार वरच्या फेऱ्यांना ते भिऊन असतात. म्हणून सौम्य कॅमशाफ्ट, नीट जुळविलेला मूळचाच कार्बुरेटर, उघडझांप करणाऱ्या टोंकांऐवजीं इलेक्ट्रॉनिक ठिणगी आणि निर्वातावर चालणारी ठिणगीची आगाऊ योजना कायम, एवढें रोजच्या गाडीला पुरेसें होतें.

परंतु ह्या गृहस्थाला गाडी सुटतांना मंद वाटते, तिचें खरें कारण इंजिनांत नाहींच. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, असा प्रकार येथें नेहमीं घडतो. दोन वेगांच्या त्या गिअरपेटीच्या खालच्या वेगाचें प्रमाण १.७६ आहे. मागच्या आंसाचें प्रमाण ३.५५ धरलें तर दोहोंचा गुणाकार ६.२५ होतो. १९८१ सालीं जनरल मोटर्सनें चार वेगांची '२००-४ आर' नांवाची आपोआप चालणारी गिअरपेटी काढली. तिच्या पहिल्या वेगाचें प्रमाण २.७४ आहे. तोच आंस ठेवला तर गुणाकार ९.७३ येतो. म्हणजे इंजिनाला हात न लावतां सुटतांनाचा जोर दीडपटीहून अधिक झाला. आणि वरच्या टोंकाला तिचा चौथा वेग ०.६७ चा आहे. टायर २६ इंच व्यासाचे असतील तर ताशीं ६५ मैल वेगानें जुन्या पेटीवर इंजिनाला मिनिटाला सुमारें ३,००० फेरे घ्यावे लागतात. नव्या पेटीच्या चौथ्या वेगांत सुमारें २,००० पुरतात. रोजच्या पन्नास मैलांच्या येरझारींत आवाज, झीज, उष्णता आणि पेट्रोल ह्या चारहि गोष्टींत त्याचा फायदा दिसतो. जोर आणि काटकसर सहसा एका घरांत नांदत नाहींत. येथें त्या नांदतात.

ह्या पेटीची निवड करण्यांत आणखी एक मर्म आहे. त्याच काळची '७०० आर ४' ही पेटी अधिक प्रसिद्ध. पण तिचीं बोल्टांचीं छिद्रें शेव्हरोलेटच्या इंजिनाला जुळणारीं आहेत. पॉन्टियाकचें इंजिन निराळ्या ठेवणीचें, आणि '२००-४ आर' च्या पुष्कळशा पेट्यांना दोन्ही ठेवणींचीं छिद्रें असतात. मूळची पेटी एवढ्या जोराच्या इंजिनासाठीं नसल्यामुळें ती आंतून बळकट करून घ्यावी. कार्बुरेटरपासून तिच्याकडे येणारी दाबाची तार काटेकोर लावावी. ती चुकली तर नवी कोरी पेटी थोड्याच दिवसांत जळून जाते. पेटीचा आधार, मागचा फिरता दांडा आणि वेगमापकाचें चक्र हीं जुळवून घेण्याचा खर्चहि आधींच धरावा.

येथें एक सर्वसामान्य तत्त्व स्पष्ट होतें. मोटार ही सांखळी आहे. एक दुवा बळकट केला कीं ताण पुढच्या दुर्बळ दुव्यावर जातो. इंजिन वाढविलें कीं गिअरपेटी बोलते. ती सांवरली आणि चिकट टायर घातले कीं मागचा ८.२ इंची आंस बोलूं लागतो. म्हणून योजना करणाऱ्यानें शेवटला दुवा कोणता हें आधीं ठरवावें आणि तेथून उलट मोजीत यावें. किती अश्वशक्ति हवी असें न विचारतां, आंस, ब्रेक आणि रस्ता ह्यांना किती सोसवेल असें विचारावें.

राहिली व्यवहाराची बाजू. ह्या कामासाठीं एक वही घालावी. डाव्या पानावर गाडीची आजची स्थिति: दाबाचे आंकडे, मैलाला लागणारें पेट्रोल, तापमान. उजव्या पानावर केलेला फेरफार आणि त्यानंतरचे आंकडे. एका वेळीं एकच फेरफार करावा, आणि आठवडाभर चालवून पाहिल्याशिवाय दुसऱ्याला हात घालूं नये. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी अडखळूं लागली तर दोष कोणाचा हें मिस्त्रीलाहि सांगतां येत नाहीं. कामाचे असे तुकडे पाडावे कीं शनिवारीं सुरू केलेलें रविवारीं रात्रीं पुरें होईल. जें दोन दिवसांत होण्यासारखें नाहीं, जसें गिअरपेटी, त्यासाठीं दुसऱ्या वाहनाची सोय आधीं करावी. सुटें सामान सगळें जमल्यावांचून गाडी उघडूं नये. जनरल मोटर्सनें पॉन्टियाक हें नांव २०१० सालीं बंद केलें. त्यामुळें कित्येक भागांसाठीं निरनिराळ्या ठिकाणीं शोध घ्यावा लागतो, आणि एका लहान वायसरसाठीं गाडी महिनाभर उघडी पडते. अंदाजाच्या वर कांहीं रक्कम राखून ठेवावी, कारण जुना बोल्ट काढतांना तो तुटेल हें गृहीतच धरावें लागतें.

विम्याच्या कागदाकडेहि पाहावें. जुन्या गाड्यांसाठीं जे स्वस्त विमे मिळतात त्यांत पुष्कळदां गाडी रोज कामावर नेण्यास मनाई असते. रोजचा वापर आणि केलेले फेरफार विमा कंपनीला लेखी कळविलेले बरे. अपघातानंतर हें सांगण्यांत कांहीं लाभ नसतो.

ह्या क्रमानें चालणाऱ्याला पहिल्या वर्षीं मित्रमंडळींत सांगण्याजोगा एकहि मोठा आंकडा मिळणार नाहीं, हें खरें. त्याची गाडी लवकर थांबेल, सरळ चालेल, उन्हांत तापणार नाहीं आणि आंतील माणसांना धरून ठेवील, एवढेंच. पण दुसऱ्या वर्षीं जेव्हां गिअरपेटी बदलेल, इंजिन पेट्रोलला साजेसें होईल, तेव्हां वाढलेला जोर पेलण्यास बाकीची सर्व गाडी आधींच सिद्ध असेल. उलट क्रमानें गेलेल्यांच्या गाड्या अमेरिकेंत ठिकठिकाणीं वखारींत अर्धवट उघड्या पडलेल्या, विक्रीच्या पाटीखालीं उभ्या असलेल्या दिसतात. आणि त्यांहूनहि वाईट म्हणजे कांहीं रस्त्याच्या कडेला चेपलेल्या सांपडतात. शक्ति मिळविणें फारसें कठीण नाहीं, ती पैशानें मिळते. ती शक्ति ताब्यांत ठेवणारीं साधनें आधीं जमविण्यास मात्र संयम लागतो, आणि तो कोणत्याहि सूचिपत्रांत विकत मिळत नाहीं.